गावभागातील जेवणाचे टेबल आणि सहा खुर्च्या : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातील एक दुमजली घर २०२३ च्या उन्हाळ्यात पाडायचे ठरले. बिल्डरशी करार झाला होता आणि पावसाळ्यापूर्वी घर रिकामे करून देण्याची अट त्यात होती. घर एका दिवंगत वकिलांचे. १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. त्या धामधुमीच्या काळात या वकिलांचा जम बसला आणि त्यांनी पाटावरची पंगत मोडून घरात जेवणाचे टेबल आणले. प्रकरण घडले तेव्हा घरात त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या सूनबाई एकट्या राहत होत्या. मालकीत त्यांच्याबरोबर त्यांचे दोन पुतणेही होते, एक पुण्यात आणि दुसरा परदेशात. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील येथे बदलले आहेत.

घेणारी बाजू म्हणजे विश्रामबागेत राहणाऱ्या एक प्राध्यापिका. साधारण १९४५ ते १९७० या काळातील, हल्ली ‘मिड-सेंच्युरी’ या नावाने ओळखले जाणारे घरगुती फर्निचर, दिवे आणि रेडिओ त्या बरीच वर्षे जमवत आहेत. भंगाराच्या वखारी, पुण्यातला जुना बाजार, पाचगणीचे रिकामे होणारे बंगले अशी त्यांची नेहमीची फिरती असते. वस्तूंची ओळख पटवण्याच्या कामात त्यांना मदत करण्याच्या निमित्ताने मी या व्यवहारात होतो.

या शैलीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा घोळ तिच्या नावावरूनच झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फर्निचरवरचे कोरीवकाम गळून पडले, रेषा सरळ झाल्या, पाय खाली निमुळते आणि किंचित बाहेर झुकलेले झाले. आपल्याकडे या बदलाची जी ठळक नावे घेतली जातात, त्यांत अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांचा भारत सरकारसाठी लिहिलेला १९५८ चा अहवाल, त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला उभी राहिलेली राष्ट्रीय आरेखन संस्था आणि चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी वास्तुकार प्येर जानरे यांनी करवून घेतलेले सागवानी व वेताचे फर्निचर ही असतात. सांगलीसारख्या गावात मात्र ही शैली कोणाचेही नाव न सांगता सुताराच्या हातून आली. मुंबईच्या दुकानात पाहिलेली किंवा मासिकातल्या जाहिरातीतली खुर्ची गिऱ्हाइकाने वर्णन करून सांगायची आणि कारखानदाराने ती आपल्या समजुतीप्रमाणे करून द्यायची, असा तो मामला होता. त्यामुळे या खुर्च्यांची पाठ थोडी जास्त उभी असते आणि लाकूड गरजेपेक्षा जाड असते. मला स्वतःला तो जाडपणा आवडतो.

घरातील ऐवज

तळमजल्यावर पाच फुटी जेवणाचे टेबल आणि काचेच्या सरकत्या दारांचे क्रॉकरीचे कपाट होते. माडीवर सहा खुर्च्या, आरशाचे ड्रेसिंग टेबल, टेलिफोनचे उंच स्टूल आणि मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. ही विभागणी पुराने केलेली होती. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात, तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. उचलता आले तेवढे घरच्यांनी माडीवर नेले, टेबल आणि कपाट जागच्या जागी बुडाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. टेबलाच्या पायांवर आणि कपाटाच्या अंगावर दोन्ही पुरांच्या मातकट रेषा एकमेकींच्या वर-खाली स्पष्ट दिसत होत्या.

समस्या

भंगारवाल्याने सगळ्या ऐवजाचे उक्ते २६,००० रुपये सांगितले होते. त्याने हिशेब लाकडाचा केला होता, वस्तूंचा नाही. पुतण्याने फोटो पाठवल्यावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोनवरच ९०,००० रुपये सांगितले आणि बोलण्याच्या ओघात बेतही सांगून टाकला : खुर्च्यांना हात बसवायचे, पायांना इंग्रजी व्ही अक्षराचा आकार द्यायचा, टेबल कापून कॉफी टेबल करायचे आणि सारे ‘चंदीगड पद्धतीचे’ म्हणून विकायचे.

चंदीगडचे नाव एवढे चालते त्याला कारण आहे. तेथील कार्यालयांतून मोडकळीला आलेल्या खुर्च्या वर्षानुवर्षे लिलावात भंगार म्हणून गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना डोळे फिरवणारे भाव मिळू लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि ते देशाबाहेर नेण्याला प्रतिबंध करणारा आदेश काढला. तेव्हापासून अस्सल माल दुर्मीळ आणि नकली माल भरपूर, अशी स्थिती आहे. मूळ फर्निचरवर खात्याची अक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असत, त्यामुळे नकला करणारेही क्रमांक रंगवतात. सांगलीच्या खुर्च्यांना या प्रकाराची काहीच गरज नव्हती.

प्राध्यापिकांकडे खरेदी आणि दुरुस्ती मिळून सुमारे एक लाख रुपयांची तयारी होती आणि घरी जागा बेताची होती. घर रिकामे करण्याची तारीख जवळ येत होती. विकणाऱ्या बाईंना वस्तूंच्या किमतीचा अंदाज नव्हता, घेणाऱ्या बाईंना होता. माझ्या मते या प्रकरणातील खरी अडचण हीच होती, बाकीच्या अडचणी तिच्यातून निघाल्या.

कायद्याचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात, त्यामुळे या फर्निचरला तो लागू नव्हता. प्रश्न होता तो मालकीचा, कारण तिघांच्या मालकीची वस्तू एकाच्या होकारावर उचलणे योग्य नव्हते.

तपासणी

घरात सगळे ‘बर्मा टीक’ आहे असे सूनबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले. पश्चिम महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या घरातले प्रत्येक सागवान बर्माचे असते, हे अशा खरेदीत फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वाद न घालता प्राध्यापिकांनी एक विनंती केली. वकिलांच्या कागदांची एक ट्रंक रद्दीत जाणार होती, ती काट्यावर चढण्यापूर्वी पाहू द्यावी. दोन पुरांतून ती ट्रंक माडीवर राहिल्यामुळे वाचली होती.

त्या ट्रंकेत फर्निचरच्या कारखान्याची पावती मिळाली. तारखेचा कोपरा कसरीने खाल्ला होता, पण छापील पत्त्यात ‘सांगली, जि. द. सातारा’ असे होते आणि रकमेला रुपये, आणे, पै असे तीन रकाने होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. जुनी पावतीपुस्तके नंतरही काही काळ वापरली जातात हे धरले, तरी टेबल १९४९ ते १९५७-५८ या काळातले, हे तारखेवाचून ठरले. नगांच्या यादीत ‘डायनिंग टेबल १, कपाट काचेचे १, खुर्च्या वेताच्या ४’ असे होते आणि लाकडापुढे ‘दांडेली साग’ असे लिहिले होते. बर्मा गेले, पण बेळगावच्या पलीकडच्या दांडेलीचा साग म्हणजे काही हलका माल नव्हे, आणि ऐकीव मोठ्या नावापेक्षा लेखी लहान नाव संग्राहकाला अधिक उपयोगाचे असते.

पावतीवर खुर्च्या चार होत्या आणि समोर सहा मांडलेल्या होत्या.

सहाही खुर्च्या उलट्या करून ओळीने ठेवल्या. चौघींच्या बैठकीच्या चौकटीला कडेने बारीक भोके पाडलेली होती. हाताने वेत विणताना पट्टी याच भोकांतून ओवतात. त्यांपैकी दोघींचा वेत पुढे कधीतरी तुटून त्याच भोकांतून प्लॅस्टिकची पट्टी विणली गेली होती, पण भोके मूळची होती. उरलेल्या दोघींना भोकेच नव्हती. त्यांच्या बैठका प्लायवूडच्या होत्या, रेक्झिनने मढवलेल्या. सांध्यांत दिसणारा डिंकही वेगळा होता. चौघींच्या कुसवांभोवती (सांध्यात घुसणाऱ्या लाकडी जिभांभोवती) तपकिरी, नखाने टवका उडेल असा सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) होता, दोघींच्या सांध्यांतून फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचे वाळून पारदर्शक झालेले थेंब ओघळलेले होते. फेविकॉल बाजारात आले १९५९ मध्ये, म्हणजे पावतीच्या काळानंतर. स्क्रूवरून मात्र काही ठरले नाही, कारण सहाही खुर्च्यांत एका खाचेचेच स्क्रू होते. पॉलिशवरूनही ठरले नाही. आतल्या बाजूस स्पिरिटचा थेंब ठेवला की चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश काही क्षणांत चिकट होते, मेलामाइन किंवा पीयू ही हल्लीची रासायनिक पॉलिशे ढिम्म राहतात. येथे सहाही ठिकाणी बोट चिकटले. एकाच खुणेवर विसंबून निकाल देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्राध्यापिकांनी सूनबाईंना विचारले, “काकू, ह्या दोन खुर्च्या नंतर केल्यात का?”

“हो, आमच्या लग्नानंतर. त्र्याहत्तर साली. मामंजी म्हणाले, घरात माणसं वाढली, मग खुर्च्या नकोत का वाढायला? वखारभागातनं सुतार बोलावला होता. आणि त्याच सुतारानं टेबलावर सनमायका ठोकला.”

टेबलाच्या वरच्या फळीवर लाकडाची नक्कल असलेला सनमायका होता, हे तोवर सर्वांनी पाहिले होते, पण तो कधीचा याचा विचार कोणी केला नव्हता. म्हणजे या घरातील जेवणाच्या सेटला दोन साले होती, एक पन्नाशीच्या दशकातले आणि दुसरे १९७३.

रेडिओ तपासताना अशीच आणखी एक गोष्ट दिसली. पूर्वी रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याचे नूतनीकरण टपाल कार्यालयात होई. या रेडिओचे परवानापुस्तक १९६२ चे निघाले. तबकडीच्या काचेवर मुंबई, दिल्ली, सिलोन अशी नावे छापलेली होती, सांगलीचे नाव नव्हते. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. कोणीतरी मध्यम लहरींच्या पट्टीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ते दाखल केले होते.

वाईट बाजूही नोंदवली पाहिजे. मूळच्या चारांपैकी एका खुर्चीच्या मागच्या पायाखाली पिठासारखा भुसा पडत होता. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेचा पांढरट भाग तिला चालतो आणि सुताराने त्या पायात तो भाग राहू दिला होता. कपाटाची मागची प्लायवूडची पाठ पुराच्या पाण्याने पापुद्रे सुटून फुगली होती आणि खालच्या पोकळीत वाळलेल्या गाळाचा थर होता. टेबलाचे चारही पाय हलत होते. सरस पाण्याने सुटतो. सांधे निखळण्याचे कारण तेच होते आणि ते न मोडता उघडून पुन्हा जोडता येणार होते, तेही त्याच कारणाने.

कोणते पर्याय होते

सगळा ऐवज घेऊन नको त्या वस्तू पुढे विकणे हा पहिला विचार होता. जागेचा प्रश्न त्याने सुटत होता, पण त्यात संग्राहकाचा व्यापारी होतो, आणि एकदा व्यापारी झाल्यावर काकूंना भाव न सांगण्याचा मोह वाढतो, असे प्राध्यापिकांचे म्हणणे पडले. फक्त मूळच्या चार खुर्च्या आणि टेबल घ्यावे, असे त्यांच्या एका संग्राहक मित्राने सुचवले. पावती तेवढ्याचीच होती आणि शुद्धतेच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. तसे केले असते तर उरलेल्या दोन खुर्च्या भंगारातच गेल्या असत्या. व्यापाऱ्याला सगळे देऊन कुटुंबाला जास्तीत जास्त पैसे मिळवून द्यावेत, हाही पर्याय प्रामाणिकपणे समोर ठेवला गेला. त्यात फर्निचर मात्र कापले जाणार होते.

चौथा पर्याय वेळेअभावी बाद झाला. एखाद्या संग्रहालयाने किंवा महाविद्यालयाने सेट पावतीसह स्वीकारावा, अशी चाचपणी दोन फोनवर थांबली. शंभर वर्षे न झालेले, पुरात बुडालेले जेवणाचे टेबल घ्यायला कोणी चटकन तयार होत नाही.

भावाचा निर्णय

प्राध्यापिकांनी काकूंना भंगारवाल्याचा, व्यापाऱ्याचा आणि स्वतःचा असे तिन्ही आकडे एका कागदावर लिहून दिले. टेबल, सहा खुर्च्या, कपाट आणि रेडिओ एवढ्यासाठी त्यांनी ५५,००० रुपये लिहिले आणि दुरुस्तीला किती खर्च येईल तेही खाली मांडले. व्यापारी कापाकापी करणार आहे, हेही सांगितले. काकूंना ती कापाकापी रुचली नाही आणि त्या प्राध्यापिकांना द्यायला लगेच तयार झाल्या.

पुण्याच्या पुतण्याला ही गोष्ट फोनवरून कळली तेव्हा ‘मॅडम जे पंचावन्नला मागताहेत ते मुंबईत लाखांत जाते’ असे तिचे रूप झालेले होते. तो रागावला, आठवडाभर बोलणे थांबले आणि त्याने व्यापाऱ्याशी स्वतः संपर्क साधला. शेवटी त्याने ड्रेसिंग टेबल आणि टेलिफोनचे स्टूल व्यापाऱ्याला दिले आणि उरलेल्यासाठी प्राध्यापिकांनी ६८,००० रुपये मोजले. नगांची यादी, फोटो, तिघा मालकांची लेखी संमती आणि रकमेची पोच असा कागद झाला. ट्रंकेतली मूळ पावती काकूंनी आपणहून दिली.

खरे सांगण्याची किंमत १३,००० रुपये आणि एक ड्रेसिंग टेबल अशी पडली. तरीही सांगणे योग्यच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुकला तो क्रम. तिन्ही आकड्यांचा कागद तिघा मालकांना एकाच वेळी गेला असता तर पुतण्याला ती बातमी उडत उडत कळली नसती.

दुरुस्ती

सामान हलवले जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळवाचा पाऊस चालू असताना. टेम्पोत भिजू नये म्हणून कपाट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळले आणि जागेअभावी तसेच ठेवून दिले. पोकळीतल्या गाळात ओल होती. प्लॅस्टिक सोडले तेव्हा आतल्या बाजूस बुरशी धरली होती आणि दाराच्या कडेची सागाची पातळ पट्टी उचलली होती. पुरात भिजलेले लाकूड सावलीत, वारा खेळता ठेवून सावकाश वाळवावे लागते, हे सर्वांना माहीत होते. फक्त ते कपाट वाळलेले आहे, असे सर्वांनी धरून चालले होते. कपाटाची फुगलेली पाठ काढून टाकली आणि सुताराने नवी बसवली. तिच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने साल लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे कोणाची फसगत होणार नाही.

टेबलाचे सांधे वाफ देऊन उघडले. कुसू शाबूत होते. मिस्त्रींना फेविकॉल लावायचे होते, त्यांच्या दृष्टीने ते अधिक पक्के. प्राध्यापिकांनी सरसाचा आग्रह धरला, कारण पक्का जोड पुढच्या वेळी करवतीशिवाय उघडत नाही. मिस्त्री हसले, “पुढच्या पुराची सोय करताय होय?” म्हणाले आणि सरस शिजवायला ठेवला.

पॉलिशसाठी सांगलीत चौकशी केली तर सगळीकडे फवाऱ्याने मारायचे मेलामाइन किंवा पीयू मिळत होते. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवणारा हात शेवटी मिरजेत मिळाला, आणि तोही फर्निचरवाल्यांत मिळाला नाही. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वाद्यांना चपडीच्या पॉलिशची परंपरा आहे. तंबोऱ्यांचे पॉलिश करणाऱ्या एका कारागिरांनी टेबलाचे पाय करून दिले. खुर्च्यांना हात लावायला त्यांनी नकार दिला. सहाही खुर्च्या नीट पाहून ते म्हणाले की वरचे पॉलिश जिवंत आहे, फक्त मळले आहे, पुसा आणि ठेवा. हा सल्ला त्यांचे स्वतःचे काम कमी करणारा होता, म्हणून तो अधिकच मोलाचा.

चार खुर्च्यांचा वेत एका दृष्टिहीन कारागिराकडून विणून घेतला. आपल्याकडील अंधांच्या प्रशिक्षणसंस्थांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. पट्टी पाण्यात भिजवून मऊ करायची, आधी उभे दोन पदर, मग आडवे दोन, मग दोन तिरके, आणि शेवटी कडेची भोके झाकणारी गोट. ते बोटाने भोके मोजत होते आणि एका खुर्चीत डाव्या बाजूस एक भोक कमी आहे, हे त्यांनीच सांगितले. आम्ही सर्वांनी ती खुर्ची अनेकदा पाहिली होती. किडलेल्या खुर्चीच्या छिद्रांत सिरिंजने औषध सोडून ती गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवली आणि भुसा पुन्हा पडत नाही याची खात्री झाल्यावर इतरांबरोबर आणली.

रेडिओ थेट प्लगला जोडण्याचा मोह पुतण्याला आधीच झाला होता, सुदैवाने प्लगच बसला नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या संचातील कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात आणि आत दोनशे व्होल्टहून अधिक दाब खेळतो. एकदम वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने सिरीज बल्ब (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा, मधे जोडलेला दिवा) लावून तपासणी केली, कपॅसिटर बदलले आणि काढलेले जुने भाग पाकिटात घालून परत दिले. काच पुसताना लाल ठिपका सोडून पुसायची, असे त्याला बजावून सांगितले होते.

सनमायका काढायचा की नाही

यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. कोपरा हेअर ड्रायरने गरम करून उचलून पाहिला. खाली साग होता, पण १९७३ च्या सुताराने चिकटवणी धरावी म्हणून त्यावर करवतीच्या दातांनी आडवेतिडवे ओरखडे पाडले होते. म्हणजे मूळ पृष्ठभाग सनमायक्याखाली जपून राहिलेला नव्हता, तो त्याच दिवशी गेला होता. सनमायका काढला तर लाकूड रंधून नव्याने गुळगुळीत करावे लागणार होते आणि हाती येणारा पृष्ठभाग पन्नाशीच्या दशकातला नसून २०२३ चा असणार होता.

माझे मत तो ठेवावा असे होते. दोन खुर्च्या १९७३ च्या म्हणून जपायच्या आणि त्याच सुताराचा सनमायका फेकून द्यायचा, यात मला सुसंगती दिसली नाही. एकतर वस्तू तिच्या पहिल्या सालाकडे न्यावी, नाहीतर जशी आली तशी ठेवावी. प्राध्यापिकांचे उत्तर असे होते की खुर्च्या माणसे वाढली म्हणून आल्या, त्यामुळे त्या घराचा भाग आहेत, सनमायका हे नुसते झाकण आहे. त्यांनी तो काढला. फळी रंधली, चपडी चढवली, आणि टेबल देखणे झाले. जुन्या खुर्च्यांशेजारी ते आजही जरा नवे दिसते, हे माझे निरीक्षण मी मागे घेतलेले नाही.

काकू दिवाळीच्या सुमारास पाहायला आल्या तेव्हा मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, “काढलात ते बरं केलंत. सांडगेभाजीच्या डागांना कंटाळून बसवला होता, मला मेला कधी आवडलाच नाही.” मग त्यांनी आपल्या त्र्याहत्तरच्या खुर्च्यांची रेक्झिन का फाटकी ठेवली आहे, असे विचारले.

परिणाम

खरेदीनंतर दुरुस्तीवर ४१,००० रुपये खर्च झाले, म्हणजे एकूण आकडा ठरवलेल्या लाखाच्या पुढे गेला. वाढलेला खर्च मुख्यतः कपाटाचा होता आणि त्यातला बराचसा प्लॅस्टिकच्या गुंडाळणीमुळे झाला. सेट रोजच्या वापरात आहे. पावतीची प्रत, परवानापुस्तक, काकूंच्या आठवणींचे टिपण आणि दुरुस्तीत काय बदलले त्याची यादी कपाटाच्या खणात ठेवली आहे. प्रत्येक खुर्चीखाली बांधलेल्या चिठ्ठीवर ती कोणत्या सालची, हे लिहिलेले आहे. विकायला काढला तर व्यापाऱ्याच्या ‘चंदीगड’ खुर्च्यांइतका भाव त्याला येणार नाही. त्याच्याबद्दल खोटे काही सांगावे लागणार नाही, एवढे खरे.

ड्रेसिंग टेबलाचे पुढे काय झाले ते अर्धेच कळले. त्याचा आरसा वेगळा विकला गेला.

काय वेगळे करता आले असते

भावाचा क्रम आणि प्लॅस्टिक या दोन गोष्टी वर आल्याच आहेत. त्यांखेरीज, वस्तू जागच्या जागी असताना त्यांचे फोटो घेतले गेले नाहीत. पुतण्याने पाठवलेले फोटो विक्रीसाठी काढलेले होते, वस्तू भिंतीपासून ओढून, पडद्यासमोर ठेवून काढलेले. टेबल कोणत्या खिडकीशी होते, रेडिओ कोणत्या फळीवर होता, पुराची भिंतीवरची रेषा आणि कपाटावरची रेषा कशा जुळत होत्या, हे आता सांगता येत नाही, कारण भिंतच उरलेली नाही. अर्ध्या तासाचे काम होते.

सनमायक्याचा एक तुकडा तरी ठेवायला हवा होता. तो काढताना तुटत गेला आणि सगळा कचऱ्यात गेला. टेबलावर ठेवावा की नाही यावर मतभेद असू शकतो, पण फळीवरचे ओरखडे रंधून गेल्यावर आता तो कधी होता याचा पुरावा फक्त टिपणात आहे.

करारातही एक कलम राहून गेले. पुण्याच्या पुतण्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि तिने त्र्याहत्तरच्या दोन खुर्च्या परत मिळतील का, असे विचारले. वस्तू पुन्हा विकताना किंवा देताना मूळ कुटुंबाला आधी विचारावे आणि कोणत्या हिशेबाने, हे कागदात कोठेच नव्हते. प्राध्यापिकांनी खरेदीच्या भावात द्यायची तयारी दाखवली आहे. त्या दोन गेल्या तर पावतीवरच्या चारच खुर्च्या उरतील. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा आणि फाटकी रेक्झिन बदलून द्यायची की तशीच, यावर अजून बोलणे चालू आहे.